आंब्याचा ताण

सौंसरच्या आमच्या घरमालकांची बोटं निळी होती. शाईनं नव्हे, मोरचुदानं. वर्षातून दोनदा ते मोरचूद आणि चुना कालवून संत्र्याच्या बुंध्यांना बोर्डोचा लेप लावत. कालवायला काठी असायची, पण यांचा काठीवर विश्वास नव्हता, हातच घालायचे. मग ते हात कितीही घासले तरी नखांच्या कडांना निळा रंग राहायचाच. त्यामुळे ते घरात कुठे कुठे फिरले हे सांगायला साक्षीदार लागत नसे. दाराच्या कडीवर निळं, पेपरावर निळं, घरमालकीण काकूंच्या मिठाच्या बरणीवर निळं. माझ्या खोलीच्या गळक्या कौलांवर मात्र तीन वर्षांत एकदाही निळं बोट दिसलं नाही.

ऐंशी सालानंतरची गोष्ट. मी तिथल्या शाळेत नवी मास्तरीण म्हणून लागले होते. नागपूरहून आलेली, एकटी. त्याआधी तीन घरांतल्या खोल्या माझं आडनाव ऐकताच 'आत्ताच दिल्या' गेल्या होत्या. चौथ्या दारात हे उभे. मला बुंध्यापासून शेंड्यापर्यंत न्याहाळलं आणि विचारलं, "कोणत्या जमिनीतल्या तुमी?"

माझं डोकं तापलेलंच होतं. म्हटलं, "बौद्ध आहे मी. चालत असेल तर सांगा, नाहीतर पुढचं घर बघते."

"थे नाही विचारून राहिलो न बाई. माती कोणती तुमच्या इकडची? काळी का भुरकी? नव्या जमिनीत झाड पयले दोन वर्सं रुसते. मंग सारे म्हणतात का मालकाचं पाणी बरोबर नाही."

आतून काकूंचा आवाज आला, "अहो, पोरीले आंधी बसू तं द्या!"

मी बसले ती तीन वर्षं बसले. रुसले नाही. कौलांवरून मात्र भांडले, आणि ते प्रत्येक वेळी छताकडे बघून म्हणत, "मास्तरीणबाई, थोडी ओल पायजेच."

त्यांना मी काकाजी म्हणायची, सगळेच म्हणायचे. मोहगावच्या रस्त्याला त्यांची संत्र्याची बाग होती, आणि जगात संत्र्याच्या झाडांखेरीज जे काही आहे ते झाडांवरूनच समजून घ्यायचं असा त्यांचा खाक्या. शेजारच्या नव्या नवरदेवाला बघून म्हणाले, "कलम बेस्ट आहे, पण खुंट कोणता थे पाहा." आमचे हेडमास्तर एकदा घरी आले, तासभर बोलले. ते गेल्यावर काकाजींचा निकाल आला, "पाला भलता. फळ नाही." मी दुसऱ्या दिवशी शाळेत हेडमास्तरांसमोर तोंड सरळ कसं ठेवलं ते माझं मला ठाऊक.

खर्चाचं मापही त्यांचं वेगळं होतं. पैसा या वस्तूवर त्यांचा भरवसा नव्हता, सगळं ते शेणखताच्या गाडीत मोजत. काकूंना लुगडं हवं असलं, तर "दीड गाडी शेणखत." माझी कौलं, "तीन गाड्या, अन् वरून मजूर." काकूंचे गुडघे दहा वर्षं दुखत होते, ते नागपूरला दाखवायचे म्हणजे "पाच गाड्या, अन् डाक्टर सांगणार काय, तं बसू नका!" असा हिशेब झाला, की ती गोष्ट तिथंच मिटली.

पण पंचक्रोशीत त्यांचं नाव होतं ते वेगळ्याच कारणानं. म्हातारं झाड ठेवायचं की तोडायचं, हे ठरवण्यात त्यांचा हात धरणारा कुणी नव्हता. बोरगावहून, लोधीखेड्याहून लोक त्यांना बोलवायला यायचे. काकाजी सायकलला चुन्याचा डबा अडकवून निघत. झाडाभोवती एक फेरी मारत, सालीवरून हात फिरवत, आणि मोठ्यानं तीन प्रश्न विचारत. मालकाला नाही, झाडाला.

"पाणी पेते का? नवती येते का? सावली देते का?"

नवती म्हणजे नवी कोवळी पालवी. तीनपैकी एकाला जरी 'हो' आलं, तर झाड राहिलं. तिन्हींना 'नाही' आलं, की डब्यात बोट बुडवून बुंध्यावर डोळ्याच्या उंचीला चुन्याचा ठिपका लावायचे. चुन्याचं बोट लागलं म्हणजे कुऱ्हाड लागली. अपील नाही. बोरगावच्या एका गृहस्थांचं झाड त्यांच्या वडिलांनी लावलेलं होतं, ते बुंध्याला मिठी मारून रडायला लागले. काकाजींनी त्यांच्या खांद्यावरून हात लांबवून चुना लावला. "दया करा लागते तं माणसावर करा," म्हणाले. "झाडावर दया केली का बाजूच्या चार झाडाले डिंक्या होते." खोडातून डिंक गाळून झाड संपवणारा तो रोग, त्याचं नाव ते शिवीसारखं घेत.

असा हा कठोर माणूस, आणि त्यांचा आंब्या.

आंब्या हा कुत्रा. संत्र्याला आंबिया बहाराची फुलं लागली होती तेव्हा बागेच्या काटेरी कुपाटीत सापडला, म्हणून आंब्या. रंग मातकट, एक कान कायम पडलेला. तो बाग राखतो असं काकाजी सगळ्यांना सांगत. मी पाहिलं त्याप्रमाणे माकडं झाडावर आली की तो घरी यायचा. त्याचं खरं काम एकच होतं. दुपारी काकाजी बागेत उभे असले, की तो त्यांच्या सावलीत बसायचा. अख्खी बाग सावलीची पडलेली, पण याला तीच लागायची. काकाजी दोन पावलं सरकले की हाही उठून दोन पावलं सरकायचा. एक फोड काकाजींनी खायची, एक यानं, असं दोघं मिळून संत्रं संपवत. बिया दोघंही थुंकायचे.

मी तिथं गेले तेव्हाच तो बारा वर्षांचा होता. माझ्या तिसऱ्या हिवाळ्यात तो पाणी फार प्यायला लागला. पातेल्यामागून पातेलं संपवायचा. काकाजी खूश. "पाहा मास्तरीणबाई, चौदा वर्सं सरले, अन् पयल्या प्रश्नात फर्स्ट क्लास!" मग त्यानं खाणं सोडलं. भाकरी सोडली, दूध सोडलं, शेवटी संत्र्याची फोडही तोंडातून खाली टाकली. तेव्हा काकाजींनी त्याला सायकलच्या कॅरिअरवर टोपलीत बसवलं आणि ढोरांच्या दवाखान्यात नेलं.

तिथले डॉक्टर भले माणूस होते, पण त्यांचं आयुष्य बैलांत गेलेलं. त्यांची सिरिंज बघूनच मला घेरी आली. त्यांनी आंब्याला तपासलं आणि सरळ सांगितलं, "काकाजी, किडन्या गेल्या याच्या. तो पाणी पिऊन राहिला थे तब्येत नाही, थोच रोग आहे. सलाईन लावतो, पण खर्चात पडू नका. म्हातारा झाला आता."

आता शेणखताचा आकडा येणार म्हणून मी वाट बघत राहिले. आकडा आलाच नाही. ते एवढंच म्हणाले, "लावा."

मग आमच्या अंगणातल्या निंबाच्या फांदीला सलाईनची बाटली टांगली गेली. आंब्याच्या पुढच्या पायाचे केस भादरून सुई टोचली. रोज एक बाटली. शेजारपाजारचे बघायला येत, फांदीखाली बसत, एखाद्या घरच्या माणसासारखी विचारपूस करत. काकूंनी सगळ्यांना चहा करायचा आणि वर हसतमुख राहायचं. आठव्या दिवशी मात्र त्यांचा बांध फुटला.

"माये गुडघे दहा वर्सापासून दुखून राहिले," त्या म्हणाल्या, "मले कधी एक बाटली नाही लावली कोणं!"

काकाजींनी बाटलीतले थेंब मोजता मोजता उत्तर दिलं, "तू तं अजून नवतीवर आहेस."

काकू लाजल्या. साठीच्या घरातली ती बाई खरोखर लाजली आणि मुकाट्यानं चहा टाकायला गेली. अशा माणसाशी भांडण तरी कसं करायचं!

बाटल्यांनी फरक पडेना, तेव्हा डॉक्टरांनीच दबकत नागपूरच्या मोठ्या दवाखान्याचं नाव काढलं. ज्या नागपूरला काकूंचे गुडघे दहा वर्षांत पोचले नव्हते, तिथं आंब्या दुसऱ्याच दिवशी निघाला. शाळेला सुट्टी होती आणि नागपूर माझं गाव, म्हणून वाट दाखवायला मीही. नॅरोगेजच्या छोट्या गाडीत कुत्र्याला डब्यात घेत नाहीत, गार्डाच्या डब्यात त्याच्यासाठी पेटी असते. काकाजींनी पेटी पाहिली, आत डोकं घालून हुंगली, आणि गार्डाला म्हणाले, "हा पेटीत जाईन तं मी बी पेटीत जाईन."

पेटीत ते मावले नसते. पण गार्डाच्या मामाची लोधीखेड्याला बाग निघाली, आणि तिथं काकाजींनी कधीकाळी सहा झाडांना चुना लावला होता. ओळख पटली. काकाजी आणि आंब्या गार्डाच्या डब्यात, आणि मी तिघांची तिकिटं धरून दुसरीकडे. लोधीखेड्याला उतरून डोकावले, तर गार्ड हिरवी झेंडी काखेत मारून डिंक्यावरचा उपाय ऐकत होता. गाडी थोडी उशिरा सुटली.

नागपूरच्या डॉक्टरीणबाई तरुण होत्या. त्यांनी रक्त काढलं, पोट दाबलं, डोळ्यांत बॅटरी मारली. मग स्टूल ओढून काकाजींच्या समोर बसल्या. "आजोबा, रोज इथं आणून सलाईन देत राहिलं तर दोन-तीन आठवडे निघतील. पण त्याला मळमळ होतेय, अंग दुखतंय. त्या दिवसांत त्याला सुख नाही. तो उठायचा बंद झाला की त्याला मोकळा करा. एक इंजेक्शन असतं. झोप लागते, तसंच जातं."

काकाजींनी सगळं नीट ऐकून घेतलं. मग लहान मुलाला समजवावं तसं त्यांना म्हणाले, "मॅडम, पूस चालू आहे न. थो ताणावर आहे."

डॉक्टरीणबाईंनी माझ्याकडे पाहिलं. मी समजावून सांगितलं. आमच्या सौंसरकडे पुसात, म्हणजे पौषात, बागेचं पाणी मुद्दाम तोडतात, त्याला ताण म्हणतात. पानं मलूल होतात, पिवळी पडून गळतात, बघणाऱ्याला वाटतं बाग गेली. मालक मात्र बांधावर निवांत बसलेला असतो, कारण संक्रांतीनंतर पाणी सोडलं, म्हणजे ताण तोडला, की पंधरा दिवसांत सगळी बाग फुलांनी पांढरी होते. हे सगळं सांगताना माझा आवाज मास्तरणीचा राहिला नाही. डॉक्टरीणबाई हसल्या नाहीत. त्यांनी मळमळीच्या गोळ्या लिहून दिल्या आणि पैसे घेतले नाहीत.

त्यानंतर महिनाभर आमच्या घरात ताण हा एकच शब्द होता. आंब्याला ओकारी झाली, ताण. मागचे पाय लटपटले, ताण. कुणी काही सुचवलं, की काकाजी म्हणत, "ताणावरच्या झाडाले कोणी कुऱ्हाड लावते का?" एक दिवस ढोरांचे डॉक्टर स्वतः येऊन सांगून गेले, तर त्यांनाही हेच. आंब्या आता रात्रंदिवस कण्हत होता. मला ते ऐकवत नसे. माझ्या मनात यायचं की हा माणूस लोकांच्या बापजाद्यांच्या झाडांना बोट लावताना मागेपुढे पाहत नाही, आणि स्वतःच्या दारातलं कण्हणं याला ऐकू येत नाही. मला त्यांचा राग येत होता, आणि त्यांच्यासमोर उभं राहिलं की तो राग टिकत नव्हता.

शेवटी काकू बोलल्या. आंब्याच्या अंगावर आपली जुनी शाल टाकता टाकता म्हणाल्या, "संक्रांत झाली का तुमी बागेचा ताण तोडसान. त्या दिवशी याले बी घेऊन चाला. अन् थे तुमचे तीन प्रश्न घ्या याले. मी समोर राहीन, मास्तरीणबाई बी राहीन."

काकाजी कितीतरी वेळ नखातला निळा रंग कोरत बसले. मग "घेऊ," म्हणाले.

तो रविवार होता. सकाळी दहाच्या सुमारास काकाजींनी विहिरीवरची मोटर सुरू केली. महिनाभर तहानलेल्या त्या मातीत पाणी शिरलं, की पहिल्यांदा चर्र असा आवाज येतो, मग वास. पाण्याच्या दांडाच्या तोंडाशीच एक जुनं झाड होतं. दिवाळीनंतरच्या फेरीत काकाजींनी त्यालाही चुना लावून ठेवलेला, फक्त तोडायचं राहिलं होतं. त्याला पानं अशी नव्हतीच, त्यामुळे खाली ऊन होतं. तिथं आंब्याला शालीवर निजवलं. मातीचा वास आला तसं त्यानं नाक उचललं आणि शेपटी एकदा जमिनीवर आपटली.

"पाह्यलं?" काकाजी म्हणाले.

ओंजळीत दांडाचं पाणी घेऊन ते बसले. "पाणी पेते का रे आंब्या?" ओंजळ तोंडाला लावली. पाणी आत गेलं आणि दुसऱ्या बाजूनं शालीवर सांडलं. काकाजींनी माझ्याकडे पाहिलं. काठावरच्या पोरांचे बाप निकालाच्या दिवशी माझ्याकडे बघतात तसं.

"नाही प्याला, काकाजी," मी म्हटलं.

त्यांनी मान हलवली. मग घाईघाईनं आंब्याचा पुढचा पाय हातात घेतला. सलाईनसाठी भादरलेल्या जागी मऊ, बारीक केस उगवले होते. "हे पाहा! नवती! नवती येते का, तं येते! तूच पाहा वं!"

काकू वाकल्या, बघितलं. आयुष्यभर नवऱ्याची एकही चलाखी न सोडलेली बाई. ती म्हणाली, "आहे. नवती आहे." आणि तोंड फिरवून डोळ्यांना पदर लावला. एका प्रश्नाला 'हो' आलं होतं. नियमानं आंब्या सुटला होता.

काकाजी उठले. उन्हात त्यांची सावली आंब्यावर पडली होती. बाकीच्या बागेकडे जायला म्हणून ते सवयीनं दोन पावलं बाजूला सरकले, आणि थांबले. सावली निघून गेली होती, आंब्या उन्हात पडला होता. तो सरकला नाही. काकाजी परत आले, सावली त्याच्यावर धरली, जरा वेळ उभे राहिले, पुन्हा दोन पावलं सरकले. आंब्यानं त्यांच्याकडे पाहिलं फक्त. उठायचं त्याच्या मनात होतं, ते डोळ्यांत दिसत होतं, पण अंग ऐकत नव्हतं.

मोटरचा आवाज तेवढा चालू होता. काकाजी तिसऱ्यांदा आले आणि सावली धरून तसेच उभे राहिले.

"थे नवती नव्हे," ते म्हणाले. "तोडून टाकलेल्या फांदीले बी येते तसं, चार रोज. मले मालूम आहे न."

त्यांनी सायकलकडे बोट केलं.

"डबा आणा."

मी सायकलचा डबा काढून आणला. त्यांनी बोट बुडवलं आणि आंब्याच्या कपाळावर, दोन डोळ्यांच्या मधोमध चुना लावला. इतक्या हळू, की लावताहेत की पुसताहेत ते कळेना. मग मला म्हणाले, "मास्तरीणबाई, डाक्टरले बोलवा. म्या सांगतलं म्हणा." मी सायकल काढली. मोहगावच्या रस्त्यानं रडत सायकल चालवणारी मास्तरीण त्या दिवशी बऱ्याच पालकांनी पाहिली असणार.

डॉक्टर मोटरसायकलवरून आले. या वेळी सिरिंज लहान होती. आंब्याचं डोकं काकाजींच्या मांडीवर होतं. कण्हणं थांबलं, तेव्हा इतक्या दिवसांनी पाण्याचा आवाज ऐकू आला. डॉक्टर म्हणाले, "काकाजी, चांगलं केलं तुम्ही." त्यावर आमचे मालक इतक्या दिवसांत पहिल्यांदा कुणावर तरी ओरडले, "मोटर बंद करा कोणी! पाणी वायाले जाऊन राहिलं!"

आंब्याला त्या जुन्या झाडाखालीच पुरलं. सगळे निघालो तरी काकाजी मागे राहिले. मी वळून पाहिलं, तर ते धोतराचा सोगा ओला करून झाडावरचा चुन्याचा ठिपका घासत होते.

पुढच्या आषाढात माझी बदली पांढुर्ण्याला झाली. निरोप घ्यायला म्हणून बागेत गेले. बाकीची झाडं हिरवीगार, आणि दांडाच्या तोंडाशी तो एकटा खराटा उभा. फुलाचा पत्ता नाही, पानाचा नाही. काकाजी त्याच्याच बुडाशी कोपरापर्यंत निळ्या हातांनी बोर्डो लावत बसले होते. मला चिडवायची सवय, गप्प राहवलं नाही.

"काकाजी, हे तर तिन्ही प्रश्नांत नापास आहे. याला अजून ठेवलंत?"

त्यांनी वर पाहिलंही नाही. "ताणावर आहे थे," म्हणाले.

चार दिवस पावसानं उसंत दिली नव्हती. झाडाच्या बुडाशी घोट्याएवढं पाणी साचलेलं होतं, आणि काकाजी त्याच पाण्यात बसले होते. मी चपला हातात घेतल्या आणि त्यांच्याजवळ जाऊन जरा वेळ उभी राहिले.